राखलेला माळ : मार्थाज व्हिन्यर्ड आणि नॅन्टकेटवरचे पाच दिवस

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून फार लांब नाही. चौथी-पाचवीत असताना वडिलांसोबत बैलगाडीतून येताना मी माळढोक पाहिला होता. कुसळीच्या गवतात मान ताठ करून उभा असलेला एकटा नर. वडिलांनी गाडी थांबवली आणि तो दिसेनासा होईपर्यंत दोघंही बोललो नाही. त्यानंतर पुन्हा कधी दिसला नाही. पुढं शाळेत जीवशास्त्र शिकवताना नामशेष पक्ष्यांवरचा धडा आला की मी हीथ हेनची गोष्ट सांगायचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा माळावरचा पक्षी एका बेटापुरता उरला आणि तिथंच संपला.

गेल्या सप्टेंबरात लेकीकडं बॉस्टनला गेले होते. ती म्हणाली, "आई, पाच दिवस रजा आहे. कुठं जायचं ते तू सांग." मी त्या बेटाचं, मार्थाज व्हिन्यर्डचं, नाव घेतलं, आणि जोडीला शेजारच्या नॅन्टकेट बेटाचं.

दिवस पहिला : वुड्स होलहून मार्थाज व्हिन्यर्ड

वुड्स होल या किनाऱ्यावरच्या बंदराहून बोटीनं पाऊण तासात पोचलो. गाडी घेतली नव्हती. गाडीसह जायचं तर बोटीचं आरक्षण फार आधी करावं लागतं. पायी जाणाऱ्याला तिकीट सहज मिळतं आणि बेटावर बस चांगली आहे.

सामान टाकून थेट बेटाच्या मधोमध असलेल्या सरकारी जंगलात गेलो. आज त्याला मॅन्युएल कोरेलस स्टेट फॉरेस्ट म्हणतात. 1908 साली हीथ हेनसाठी राखलेली जमीन म्हणून त्याची सुरुवात झाली. एके काळी हा पक्षी किनाऱ्यालगत दक्षिणेला व्हर्जिनियापर्यंत होता. शिकार आणि शेतीनं 1870च्या सुमारास तो या एकाच बेटावर उरला. राखीव क्षेत्र झालं तेव्हा जेमतेम काही डझन होते. शिकार थांबवली, राखणदार नेमला, आणि 1915पर्यंत संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. सगळ्यांना वाटलं, जिंकलं.

12 मे 1916 रोजी वाऱ्याच्या दिवशी आग लागली. माद्या अंड्यांवर होत्या, त्या घरटी सोडून उडाल्या नाहीत. पुढं कडक हिवाळा, ससाणे, टर्कींकडून आलेला रोग. 1927मध्ये तेरा पक्षी, त्यांत माद्या दोनच. 1928च्या अखेरीपासून एकटा नर. लोक त्याला बूमिंग बेन म्हणत. दर वसंतात तो नाचायच्या जागी यायचा आणि घुमायचा, ऐकायला मादी नसताना. 11 मार्च 1932 हा तो दिसल्याचा शेवटचा दिवस.

जंगलातल्या एका मोकळ्या जागी शिल्पकार टॉड मॅकग्रेन यांनी केलेला या पक्ष्याचा ब्राँझचा पुतळा आहे. गुळगुळीत, गडद, आकाशाकडं तोंड केलेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उन्हानं तापलेली होती.

पण मला खरा धक्का बसला तो भोवताली पाहून. मी माळ बघायला आले होते आणि माळ कुठंच नव्हता. छातीपर्यंत आलेलं ओकचं झुडूप, त्यामागं पाइन, आणि मध्येच रांगेत लावलेल्या पाइनच्या जुन्या लागवडी, त्यांतली कितीतरी झाडं वाळलेली. कुत्र्याला फिरवायला आलेले एक वयस्क गृहस्थ भेटले. मी विचारलं, ते पक्षी राहायचे ते गवत कुठं आहे? ते म्हणाले, तुम्ही त्यावरच उभ्या आहात, फक्त झुडपानं ते गिळलंय.

पक्ष्याला वाचवायचं म्हणून इथं आगीला बंदी घातली. आग नाही म्हटल्यावर झुडूप वाढलं, वाळकं साठत गेलं, आणि जी आग शेवटी लागली ती मग आवरली नाही. वर पडीक जमीन म्हणून झाडं लावली. ओळीनं लावलेले ते पाइन बघताना मला नान्नजच्या माळावर लावलेली गिरिपुष्पाची झाडं आठवली. माळढोकाला चहूकडं लांबवर दिसणारा माळ लागतो, आणि त्याच्या अभयारण्यात आपण झाडं लावली.

दिवस दुसरा : कटामा

सकाळी एडगरटाउनला बस बदलून कटामाला उतरलो. इथं विमानांची धावपट्टी आहे आणि ती गवताची आहे. छोटी विमानं गवतावर उतरतात, गवतावरून उडतात. धावपट्टीसाठी जमीन मोकळी ठेवावी लागली, म्हणून इथला जुना माळ टिकला. आज गाव आणि नेचर कन्झर्व्हन्सी ही संस्था मिळून तो राखतात.

अशा जमिनीला इथं सँडप्लेन म्हणतात, म्हणजे वाळूचं सपाट मैदान. वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी बर्फाची प्रचंड चादर इथपर्यंत येऊन थांबली. ती वितळताना पाण्यासोबत वाळू-खडी दक्षिणेला पसरली, तेच हे मैदान. जमीन आम्लधर्मी, निकस, पाणी न धरणारी. वर समुद्राचे खारे वारे. मोठ्या झाडाला इथं सुख नाही, म्हणून गवताला जागा मिळाली. लाँग आयलंडपासून केप कॉडपर्यंत असे माळ होते. बहुतेकांवर घरं झाली किंवा झुडूप चढलं. उरलेल्यांतले बरेचसे या दोन बेटांवर आहेत.

मी गुडघे टेकून बसले. लिटल ब्लूस्टेम हे इथलं मुख्य गवत. ठोंब सुटे सुटे, मधे उघडी वाळू आणि करडं दगडफूल. उन्हाळ्यात निळसर असणारी काडी सप्टेंबरात तांब्यासारखी होते. काडीच्या वरच्या भागावर पांढऱ्या केसांचे बी असतात. सकाळचं तिरपं ऊन त्यांतून आलं की अख्खा माळ पेटल्यासारखा दिसतो. ठोंबांमधली ती उघडी वाळू रिकामी नसते. नाजूक रोपांचं बी तिथंच रुजतं आणि एकट्या राहणाऱ्या मधमाश्या तिथंच बिळं करतात. वाळलेलं गवत साचून ही फट बुजली की फुलं आधी जातात. न्यू इंग्लंड ब्लेझिंग स्टार या रानफुलाचे जांभळे तुरे अजून फुललेले होते, आणि एका तुऱ्यावर मोनार्क फुलपाखरू एवढं मग्न होतं की लेकीनं हातभर अंतरावरून फोटो काढला.

पलीकडं काही माणसं गवताच्या कडेनं पट्टा कापत होती. झुडूप हटवायला माळ मुद्दाम जाळतात, त्या पुढच्या जाळणीसाठी ते जाळपट्टे होते. त्यांच्यातली एक तरुण मुलगी जेवणाच्या सुट्टीत आमच्याजवळ बसली. मी तिला भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तासभर बोलली.

मी विचारलं, वसंतात एकदा जाळलं की झालं का? ती म्हणाली, तिथंच बरीच वर्षं गफलत झाली. थंडीच्या शेवटी जाळलं की झुडपाचा वरचा भाग जळतो, पण ओक आणि हकलबेरीचं सगळं धन मुळांत साठलेलं असतं. दोन वर्षांत ते पुन्हा तेवढंच होतं. भर उन्हाळ्यात पानं फुटून मुळांतला साठा खर्च झालेला असतो, तेव्हाची आग जास्त लागू पडते. पण उन्हाळ्यात बेटावर पर्यटकांची गर्दी, पक्ष्यांची पिल्लं, धुराच्या तक्रारी. वारा योग्य दिशेचा हवा, हवेत ओल बेताची हवी, परवानगी हवी, माणसं हवीत. हे सगळं जुळून येणारे दिवस वर्षात थोडेच मिळतात. दरवर्षी तोच तुकडा जाळत नाहीत. एक तुकडा जळतो तेव्हा दुसऱ्यावर किडे, पक्षी, बी शिल्लक असतं. आपल्याकडं दर उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर एका रात्रीत पेटतात, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. दोन्हीला आग म्हणतात एवढंच.

जाता जाता तिनं सँडप्लेन जेरार्डियाबद्दल सांगितलं. गुलाबी, नखाएवढं फूल, एक दिवस उमलतं आणि गळतं. रोपाची मुळं गवताच्या मुळांतून थोडं अन्न घेतात, त्यामुळं गवत गेलं की तेही जातं. 1988 साली त्याला अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत घातलं. केप कॉडवर ते कुठं टिकलं होतं? जुन्या दफनभूमींत. मृतांच्या मानासाठी कुणीतरी वर्षानुवर्षं तिथलं गवत कापत राहिलं, म्हणून.

एक महत्त्वाची सूचना : या बेटांवर गोचीड भयंकर आहेत. लाइम रोग तर आहेच, शिवाय इथल्या एका जातीच्या गोचिडीच्या चाव्यानं बीफ, पोर्क, मटण यांची दीर्घकाळ टिकणारी ॲलर्जी होऊ शकते. फिकट रंगाची पँट घाला, तिचे पाय मोज्यांत खोचा, पायवाट सोडू नका, आणि रात्री आंघोळीआधी गुडघ्यामागं, काखेत, केसांत नीट तपासा. आम्ही रोज तपासलं. दुसऱ्या दिवशी लेकीच्या मोज्यावर एक सापडली.

दिवस तिसरा : वारा

आज नॅन्टकेटला जायचं होतं. धक्क्यावर पोचल्यावर कळलं की वाऱ्यामुळं बोट रद्द. फोनवर निरोप नाही, खिडकीत माणूस नाही, फक्त एक पाटी. नॅन्टकेटच्या खोलीचे एका रात्रीचे पैसे गेले. सप्टेंबरनंतर जाणार असाल तर या दोन बेटांमधली थेट बोट सुरू आहे का ते आधी बघा, हंगाम संपला की ती बंद होते. आणि हाताशी एक मोकळा दिवस ठेवाच.

पण त्या दिवसानं फार दिलं. आम्ही वेस्ट टिस्बरीच्या पॉली हिल आर्बोरेटम या वृक्षोद्यानात गेलो. पॉली हिल या बाईंनी 1958मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, इथं बियांपासून झाडं वाढवायला सुरुवात केली. कलम नाही, रोप विकत आणणं नाही, बी पेरायचं आणि वाट बघायची. त्या शंभर वर्षं जगल्या आणि आपण लावलेल्या बियांची झाडं झालेली त्यांनी पाहिली. पन्नाशीनंतर काही सुरू करायला कचरणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना मला हे सांगायचं आहे.

आता इथं बेटावरच्या रानफुलांचं बी बेटावरूनच गोळा करून रोपं करतात. रोपवाटिकेत काम करणाऱ्या एक आजी ब्लेझिंग स्टारचं बी कागदी पिशवीत भरत होत्या. मी विचारलं, बाहेरचं बी का चालत नाही? त्या म्हणाल्या, नाव तेच असलं तरी ते या वाळूला ओळखत नाही. त्यांनी माझ्या तळहातावर चार बी ठेवले. प्रत्येकाला केसांचा तुरा. फुंकर घातली असती तर गेले असते.

जुन्या शेतावर माळ पुन्हा उभा करणं सगळ्यात अवघड, असं त्यांनी समजावलं. शेतकऱ्यांनी पिकासाठी चुना टाकून जमिनीची आम्लता घालवलेली असते. शेती बंद पडून पिढी उलटली तरी ती जमीन 'गोड' राहते, आणि गोड जमिनीत युरोपातून आलेली कुरणाची गवतं आणि तण माजतात. माळाची रोपं निकस जमिनीची सवय असलेली, त्यांना या गर्दीत उभंच राहता येत नाही. म्हणून आधी पुन्हापुन्हा नांगरून तणाचा जोर मोडायचा आणि मग देशी बी दाट पेरायचं. कटामाजवळच्या एका जुन्या शेतावर वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी असे प्रयोग केले आहेत. जमीन सुपीक झाल्यामुळं बिघडली, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला पचवायला वेळ लागला.

संध्याकाळी वारा एवढा होता की दार उघडताना दोघींनी ढकलावं लागलं. शिंपल्यांचं चाउडर नावाचं घट्ट सूप आणि पाव खाल्ला. शाकाहारी असाल तर इथं पर्याय थोडे, किराणा दुकानातून सामान आणून खोलीवर करून घेतलेलं बरं. बीच प्लम या किनाऱ्यावरच्या आंबट फळाचा जॅम मात्र चुकवू नका. करवंदाच्या जॅमची आठवण आली.

दिवस चौथा : नॅन्टकेट, धुकं

नॅन्टकेट मुख्य भूमीपासून पन्नासेक किलोमीटर आत समुद्रात आहे. उतरलो तेव्हा दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. धुक्यामुळं या बेटाला राखाडी बाई म्हणतात. लाकडी घरांच्या भिंतीही खाऱ्या वाऱ्यानं राखाडी झालेल्या. पातळ वॉटरप्रूफ जॅकेट बाहेर काढून ठेवा, छत्रीचा उपयोग नाही.

बेटाच्या मधल्या मोकळ्या रानात एका संस्थेच्या कार्यकर्तीनं आठ-दहा जणांना फिरवलं. मला सगळ्यात जवळची वाटली ती मेंढ्यांची गोष्ट. 1659पासून इंग्रज इथं वसले. त्यांनी चराई सामाईक ठेवली, अगदी आपल्या गायरानासारखी. पुढं हजारो मेंढ्या झाल्या. जूनमध्ये लोकर कातरायचा दिवस म्हणजे बेटाची जत्रा असायची. एकोणिसाव्या शतकात मेंढ्या गेल्या आणि झुडूप आलं.

आता वाद असा आहे की हे माळ मुळात कुणाचे. इंग्रजांच्या आधी इथं हजारो वर्षं राहणारे वाम्पानोआग लोक रान जाळून मोकळं ठेवायचे, असं एक मत. तळ्यांच्या गाळातले पराग आणि कोळसा तपासणाऱ्या काही संशोधकांचं म्हणणं वेगळं : त्या काळी आग कमी होती, बरंचसं जंगल होतं आणि माळ खरे पसरले ते मेंढ्यांनी. इतर संशोधकांना हे मान्य नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय मानता? ती म्हणाली, माळ कसाही झालेला असो, आज दुसरीकडं जागा नसलेले जीव इथं आहेत. मला हे उत्तर पटलं. सोलापूरचा माळही धनगरांच्या मेंढ्यांनी राखलेला आहे. मेंढरं हाकलून लावली की माळ वाचतो, हा समज मी स्वतः शाळेत शिकवला होता. आता शिकवणार नाही.

एका तुकड्यावर ट्रॅक्टरनं तव्यांचा कुळव फिरवला होता. झुडपाची मुळं तोडून वाळू उघडी केलेली, आणि मग गोळा केलेलं बी पेरलेलं. पहिल्या नजरेला जखमेसारखं दिसत होतं. तिनं वाकून एक रोप दाखवलं, बोटाच्या पेराएवढं. पानं दोन्ही बाजूंनी चंदेरी मखमलीची. पूर्वेकडचा रुपेरी ॲस्टर. धुक्याचे थेंब त्यावर मण्यांसारखे टिकून होते. दाट झुडपाखाली हे बी कधीच रुजलं नसतं.

तिनं एका किड्याचीही गोष्ट सांगितली. अमेरिकन बरिंग बीटल, काळा आणि नारिंगी. मेलेल्या लहान पक्ष्याला जोडीनं मिळून जमिनीत पुरतो आणि नर-मादी दोघं तिथं पिल्लांना भरवतात. पूर्वेकडं तो ब्लॉक आयलंडवरच उरला होता. 1990च्या दशकापासून प्रॉव्हिडन्सच्या रॉजर विल्यम्स पार्क प्राणिसंग्रहालयानं वाढवलेले किडे नॅन्टकेटवर सोडले, सोबत मेलेल्या लाव्या देऊन. मेलेलं पळवणारे रकून आणि स्कंक हे प्राणी या बेटावर नाहीत, त्यामुळं ती मेजवानी किड्यांच्याच वाट्याला आली. रीगल फ्रिटिलरी या नारिंगी फुलपाखराला मात्र उशीर झाला. 1990च्या आसपास ते इथून कायमचं गेलं.

दिवस पाचवा : सॅनफर्ड फार्म

पहाटे धुकं उठलं आणि आकाश धुऊन काढल्यासारखं झालं. सॅनफर्ड फार्मची पायवाट समुद्रापर्यंत जाऊन परत यायला दहा किलोमीटरच्या वर होते. वाटेत पाणी नाही, सावली नाही, दोन बाटल्या घ्या. शिकारीच्या हंगामात भडक नारिंगी कपडे घालतात, त्याची चौकशी करून जा.

ही जमीन मोकळी कशी राहिली, तेही सांगते. नॅन्टकेटवर एकेका घराची किंमत ऐकून छाती दडपते. 1983 साली इथल्या लोकांनी ठरवलं की जमिनीच्या विक्रीवर दोन टक्के घ्यायचे आणि त्यातून मोकळी जमीन विकत घेऊन सगळ्यांसाठी ठेवायची. त्याला लँड बँक म्हणतात. 1963पासून काम करणाऱ्या नॅन्टकेट कन्झर्व्हेशन फाउंडेशनकडं तर बेटाचा जवळपास तिसरा हिस्सा आहे. सगळं मिळून अर्ध्याहून जास्त बेट राखलेलं आहे.

जुन्या कोठाराजवळच्या चढावर बसलो होतो. खाली तळं, त्यापलीकडं माळ, त्यापलीकडं समुद्र. लेकीनं हळूच माझं कोपर दाबलं. गवताच्या शेंड्यांना लागेल एवढ्या खालून एक हॅरियर येत होती. तपकिरी मादी, कमरेवर पांढरा पट्टा, पंख किंचित वर धरलेले. एकदा डावीकडं कलंडली, एकदा उजवीकडं, थबकली, गवतात पडली आणि रिकाम्या पायांनी पुन्हा उठली. घुबडासारखा तिचा गोल चेहरा आमच्याकडं वळला तेव्हा मी श्वास धरला होता. हॅरियर म्हणजे आपला भोवत्या. याच कुळातले भोवत्या थंडीत सोलापूरच्या माळावर उतरतात आणि रात्री गवतातच झोपतात.

परतताना वाटेच्या तोंडाशी बूट घासायचा ब्रश होता. बाहेरचं बी आत जाऊ नये आणि आतलं बाहेर, म्हणून. मी मोज्यांत रुतलेले ब्लूस्टेमचे बी एकेक काढून तिथंच टाकले. लहानपणी शाळेतून आल्यावर आई परकराच्या काठातली कुसळं अशीच काढायची.

संध्याकाळच्या बोटीतून भावाला फोन लावला. तिकडं पहाट होती, तो गोठ्यात होता. गावामागच्या गायरानात झाडांच्या लागवडीसाठी खड्डे मारायला सुरुवात झाल्याचं त्यानं मागं सांगितलं होतं. मी विचारलं, सगळ्या माळावर मारले का रे?

"नाही अक्का," तो म्हणाला, "ओढ्याकडची बाजू राहिलीय अजून. मेंढरं बसतात ना तिथं."

मी म्हटलं, ग्रामसभा कधी आहे ते विचारून ठेव, मी दिवाळीच्या आधी येतेय.